सांगली, सातारा आणि वरचं आकाश

रंगराव आप्पांना चहा पाजायचा म्हणजे घरात एक जास्तीचं माणूस लागतं. कप समोर आला की ते दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणणार, "चहा घ्यावा असा ठराव मी मांडतो." आणि इकडेतिकडे बघत बसणार. कुणीतरी "अनुमोदन" म्हटल्याशिवाय कपाला हात नाही. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. चहावर साय धरली, पण गडी हलला नाही. शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं.

आप्पा गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते, चांगली तीस वर्षं. निवृत्त झाले, बायको गेली, आणि सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागं दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले. मी काही गोड बोलणारी बाई नव्हे. दिवसभर पोरापोरींच्या चुका काढून जीभ तिखट झालीय. पण आप्पांपुढं ती बोथट व्हायची. कितीही बोला, मान डोलावून म्हणणार, "नोंद घेतली."

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी ते एका सकाळी इंग्रजी पेपरचा तुकडा घेऊन आले. "बाई, ह्ये काय म्हणतंय, वाचा बगू."

मी वाचलं. परदेशातली कुठलीशी कंपनी नवं रॉकेट बांधत होती. पहिल्या उड्डाणात थोडी जागा शिल्लक होती. तिथं सामाजिक संस्थांचे लहान उपग्रह फुकट नेणार होते. उपग्रह तुमचा, वर न्यायचा खर्च त्यांचा. संस्थांनी अर्ज करावेत.

"म्हंजे नवा ट्रक हाय, पैली खेप हाय, आन् हौद्यात जागा उरलीया," आप्पा म्हणाले. "टाकू की आपला बोजा."

"कसला बोजा? आप्पा, उपग्रह म्हणजे काय हळदीचं पोतं आहे?"

"नोंद घेतली. पर अर्ज संस्थेनं करायचाय, व्हय ना?"

मी "हो" म्हटलं आणि तिथंच फसले.

आमच्या भागात संस्था काढायला काय लागतं हो? उसाची संस्था, दुधाची संस्था, पाण्याची संस्था. दोन माणसं पारावर बसली की तिसरा शिक्का बनवायला धावतो. आठ दिवसांत 'श्री भैरवनाथ सहकारी उपग्रह संस्था मर्यादित (नियोजित)' उभी राहिली. सभासद अकरा, सगळे आप्पांच्या गावचे. सभा दर रविवारी माझ्या वर्गात, टाइपरायटर भिंतीला सारून. मला विचारलंसुद्धा नाही, थेट नोटीसच दिली.

पहिल्या सभेत निम्म्या लोकांना ही पाण्याची योजना वाटत होती. एकानं विचारलं, "पाणी कवा सुटायचं?"

"पाणी न्हाई. त्ये वरनं फिरणार. रोज ठरल्या वेळंला आपल्यावरनं जाणार."

"म्हंजे पाळी हाय व्हय! मग हरकत न्हाई. पर मला रातची पाळी नगं."

एका द्राक्षबागवाल्याला काळजी होती की त्याची सावली बागेवर पडेल. उपग्रह बनवायचं काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सभासदाकडं दिलं. तो म्हणाला, "बनवतो की. फकस्त त्ये वर कशावर टेकतंय तेवढं सांगा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तरी काय सांगणार, कपाळ? कशाचा कशाला मेळ नव्हता. पण विरोधी गट मात्र त्याच दिवशी तयार झाला.

पुढं नोंदणीसाठी कार्यक्षेत्र लिहायची वेळ आली. आप्पांनी लिहिलं, "सांगली व सातारा जिल्हे आणि त्यांवरील आकाश." कचेरीतल्या क्लार्कनं चष्मा वर करून विचारलं, "आकाश कुठल्या तालुक्यात धरायचं?" आप्पांना प्रश्न रास्त वाटला. तो त्यांनी पुढच्या सभेत ठेवला आणि त्यावर तीन तास भांडणं झाली.

इंग्रजी अर्ज मी टाइप केला. आप्पा स्टुलावर बसून सांगत होते. जमिनीवरचं केंद्र कुठं? "तुमची गच्ची." मी किंचाळलेच. ते म्हणाले, "ठरावात घातलंय बाई, आता बदलता येत न्हाई." मग उद्देशाचा रकाना आला. तिथं आप्पा पहिल्यांदाच थांबले. सावकाश म्हणाले, "कोयनेच्या खोऱ्यात धरणीकंप हुतोय. घरात एक बटण बसवायचं. हादरा बसला की दाबायचं. वरनं हितं सांगलीत दिवा लागला पायजे, की माणूस बरं हाय."

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. "वापरणारी घरं किती?" मी विचारलं.

"येक."

"अख्ख्या खोऱ्यात एकच घर?"

"पत्ता ह्या फायलीत हाय, बगून घ्या," म्हणून ते पाणी प्यायला निघून गेले.

फाइलमध्ये आठ आंतरदेशीय पत्रं होती. प्रत्येकावर 'आवक'चा शिक्का, क्रमांक, तारीख. सगळी एकाच हातची. कोयनानगरच्या वसाहतीतून आप्पांच्या मुलीनं, सुशीलानं, दर दिवाळीला लिहिलेली. "ती. आप्पांना शि. सा. न. मी बरी आहे. शेजारी फोन आला आहे, नंबर खाली देते." जावकच्या बाजूला एकही कागद नव्हता. पत्रं वाचून उलगडा झाला: धरणावर काम करणाऱ्या पोराशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, आणि आप्पांनी बोलणं टाकलं होतं. मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली. मी पत्ता टाइप केला.

अर्ज गेला आणि आप्पांचं जेवणावरचं मन उडालं. रोज पोस्टमनच्या आधी फाटकात उभे. चार महिन्यांनी उत्तर आलं. जागा फक्त तांत्रिक संस्थांसाठी आहे, आपल्या उत्साहाबद्दल आभार. आप्पांनी मला ते दोनदा वाचायला लावलं आणि घडी करून खिशात घातलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी दुपारी भांडी वाजली. कोयनेचा हादरा. आम्हाला सवय असते, मी वर्ग सोडलासुद्धा नाही. पण आप्पा एका पायात चप्पल घालून धावत आले. "बाई, अपील टायपा! तातडीनं! म्हणावं आजच हादरा बसलाय, आता तरी इचार करा."

माझा तोल गेला. "आप्पा, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? एक फोन करायला नको म्हणून आभाळात यंत्र सोडताय? नंबर तुमच्या फायलीत कधीचा पडलाय!"

सगळी मुलं टाइप करायची थांबली. आप्पा खाली बघत म्हणाले, "म्या तोंड फिरवलं हुतं. आता कुठल्या तोंडानं इचारू?"

मी त्यांचा दंड धरला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये नेलं. नंबर मीच फिरवला. चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा लागला. शेजारणीनं "बोलावते, धरा हं" म्हटलं. मी फोन आप्पांच्या हातात कोंबला. काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघं घामानं निथळत उभे होतो.

"हॅलो? कोण?" मुलीचा आवाज मलाही ऐकू आला.

आप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "मी... सांगलीवरनं."

आणि फोन कानाला घट्ट दाबून उभे राहिले. मीटर चालू होता. बूथवाल्यानं काचेवर टकटक केलं, "आजोबा, बोला की, मीटर पळतोय."

आप्पांनी फोनवर हात ठेवला. डोळे भरून वाहत होते, पण चेहरा असा निवळला होता की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"गप रं गड्या," ते हळूच म्हणाले. "रडतीया ती. जरा ऐकू दे."