घोंगडीतला ठसका

मोतीलालला जाऊन आठवडा होत आला तरी वत्सलाबाईच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं, आणि नंदुरबारच्या त्या गल्लीत एवढी मोठी बातमी झाकून राहणं शक्यच नव्हतं. दारावर भेटायला येणाऱ्या बायका तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत, मग हळूच मान वर करून तिचे डोळे तपासत. मोतीलालची थोरली बहीण प्रमिलाबाई म्हसावदहून मुक्कामालाच आली होती. भावाच्या मरणाइतकंच तिला भावजयीच्या कोरड्या डोळ्यांचं दुःख होतं.

“वत्सला, लोकं दखी ऱ्हायनात. जराशी रड ना व माय!”

“येतंच नही, ताई. मी काय करू?”

खरं तर वत्सलाबाईचा सगळा जीव खाटेखाली अडकला होता. तिथे ठमी होती. मोतीलाल मिरची वाळवायच्या पथारीवर राखणदार होता. ही रानटी मांजर तिथे त्याच्याच घोंगडीत झोपायची आणि बाकी जगाला ओरबाडायची. तो गेल्यावर नवा राखणदार तिला पोत्यात घालून लांब सोडायला निघाला, तेव्हा वत्सलाबाईने ते पोतं तसंच घरी आणलं. तोंड सोडताच ठमी जी खाटेखाली शिरली, ती बाहेर येईना. दूध नासलं, भाकरी वाळली. हात पुढे केला की फिस्कारायची. नवऱ्यामागे राहिलेला हा एवढा एक जीव, तोही उपाशी मरतो की काय, या धास्तीने वत्सलाबाईच्याही घशाखाली घास उतरेना.

शेजारच्या अमिनाभाभीच्या घरात मांजरांचा सुळसुळाट. तिने उपाय सांगितला. “तिना डोयामा दखू नको. पाठ करीसनी बठ. आन् तिले ओयखीना वासनं काहीतरी दे.”

ओळखीचा वास एकाच वस्तूला होता. पण मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, आणि प्रमिलाबाई नेमकी तेच शोधत होती.

“मोतीलालनी घोंगडी कोठे शे? प्रकाशाना घाटवर नेईसन तापीमा सोडनी शे.”

“पथारीवरच ऱ्हायनी व्हई,” वत्सलाबाई धडधडीत खोटं बोलली. घोंगडी तिने सकाळीच आणून खाटेखाली सारली होती. संध्याकाळी वाटीतलं दूध थोडं कमी झालेलं दिसलं, आणि तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं. सतरंजी काढायला प्रमिलाबाई खाटेखाली वाकली आणि तिच्या हाताला घोंगडी लागली.

“हाई काय शे?”

तिने ओढली. आतून ठमीने नखं रुतवून ओढली. प्रमिलाबाई हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने दोन्ही हातांनी हिसका दिला आणि वर घोंगडी चांगली झटकलीही. मोतीलालने आयुष्यभर अंगाखाली घेतलेली मिरचीची धूळ घरभर उधळली. ठमी चार डोक्यांवरून कोठीवर जाऊन बसली. आधी एकजण शिंकला, मग सगळेच. बाप्ये पागोट्यांत तोंडं खुपसून ढसाढसा रडू लागले. जिवंतपणी ज्यांनी मोतीलालला चहासुद्धा विचारला नव्हता, त्यांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

तेवढ्यात गल्लीतला करणसिंग दारात आला आणि जागीच थबकला. “मन्हा बाप मरना तवय बी इतलं कोनी रडनं नही!” म्हणत तो आत शिरला आणि स्वतःही ठसकू लागला.

कोरडी राहिली ती एकटी वत्सलाबाई. मिरचीचे देठ खुडण्यात तिची हयात गेली होती. तिच्या डोळ्यांपुढे मिरचीने केव्हाच हात टेकले होते.

माणसं पांगली. प्रमिलाबाई डोळे धुवायला मोरीवर गेली. वत्सलाबाईने घोंगडी जमिनीवर पसरली, दुधाची वाटी ठेवली आणि पाठ करून बसली. बऱ्याच वेळाने मागून लपलप आवाज आला. मग काहीतरी ऊबदार तिच्या पाठीला टेकलं आणि घुरघुरू लागलं. मोतीलाल दमून आला की असाच पाठीला पाठ लावून बसायचा. वत्सलाबाई हलली नाही, पण तिचे खांदे गदगदू लागले.

“काय व्हयनं व?” प्रमिलाबाई दारातून म्हणाली.

“काही नही, ताई. मिरची गयी डोयामा.”

प्रमिलाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे. हिच्या डोळ्यांत मिरची गेलेली तिने कधी पाहिली नव्हती.

“ऱ्हाऊ दे ती घोंगडी,” ती म्हणाली. “तापी कोठे पयी चालनी का?”

आणि मांजरीकडे पाठ करून तीही शेजारी बसली.