पाहणी अधिकाऱ्याची तालीम

सोफा दारात अडकला, तेव्हा टिटवीच्या लक्षात आलं की आईने घात केला आहे.

"आई, हा कोणाचा?"

"शेजारच्या काकूंचा. हळू बोल, त्या पलीकडून ढकलतायत."

टिटवी हे तिचं घरातलं नाव. जन्मल्या जन्मल्या तिने जो सूर लावला, तो अजून खाली आलेला नव्हता. अशा मुलीने नाट्य महाविद्यालयात जावं यात नवल नव्हतं. नवल होतं ते आईच्या शिवणयंत्राने पहिल्या वर्षाची फी भरली याचं. दुसऱ्या वर्षाची भरण्याची त्या यंत्राची ताकद नव्हती. म्हणून टिटवीने गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता आणि आज चार वाजता पाहणी अधिकारी घर बघायला येणार होते. त्यांनी 'गरजू' असा शेरा मारला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मामाच्या लाँड्रीत इस्त्री. मामाने तिच्यासाठी टेबल पुसूनसुद्धा ठेवलं होतं.

"अगं, आपल्याकडे काही नाही हे बघायला येतायत ते!"

"म्हणून काय त्यांना फाटक्या सतरंजीवर बसवू? घराची काही अब्रू आहे की नाही?"

सोफ्याच्या मागोमाग काकूंचा गालिचा आला, फुलदाणी आली आणि भिंतीवरचं घड्याळही आलं. दोन खोल्यांच्या त्या घराला एकदम बाळसं आलं. टिटवीने कपाळाला हात लावला. पण भांडायला वेळ नव्हता, कारण तीन वाजता तालीम होती.

नाटकवाली मंडळी तालमीशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. वर्गातल्या लंब्याने शब्द दिला होता, "तिसऱ्या वर्षातला एक जण पाठवतो, मेकअपचा बादशहा आहे. अधिकारी बनून येईल आणि आडवेतिडवे प्रश्न विचारेल. काहीही झालं तरी तो भूमिका सोडत नाही, हे लक्षात ठेव." टिटवीने त्या बादशहाला कधी पाहिलं नव्हतं.

तीनला पाच कमी असताना बेल वाजली. दारात पन्नाशीचा, जाड मिशांचा, काखेत फाइल धरलेला माणूस उभा होता.

"मी पाहणी अधिकारी. आधीच्या घराला कुलूप होतं, म्हणून जरा लवकर आलो. चालेल ना?"

टिटवीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. मेकअप अप्रतिम होता. अभिनय मात्र सुमार.

"नाही चालणार," ती म्हणाली. "अधिकारी कधी 'चालेल ना' म्हणतो का? दम नाही त्यात. बाहेर जा आणि परत या."

"अहो, पण मी खरंच…"

"भूमिका सोडायची नाही!"

अधिकारी गोंधळले, पण बावीस वर्षांच्या नोकरीत हुकूम पाळायची सवय अंगात मुरली होती. ते बाहेर गेले आणि परत आले. दुसऱ्यांदा खांदे पडले. तिसऱ्यांदा ते जरा ताठ आले, तेव्हा टिटवीने नाइलाजाने त्यांना सोफ्यावर बसवलं. मग जवळ जाऊन तिने मिशी ओढून पाहिली.

"आई गं!"

"काय घट्ट डिंक लावलाय! वा! चला, विचारा प्रश्न."

अधिकाऱ्यांनी मिशी चोळत घरभर नजर फिरवली. सोफा, गालिचा, फुलदाणी. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, 'घर सुखवस्तू.'

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि टिटवीचा स्वर टिपेला गेला. "आई, तुला शेवटचं सांगते, खरे अधिकारी यायच्या आत हा सगळा बाजार काकूंकडे परत गेला पाहिजे! ते बघतील आणि लिहून मोकळे होतील, सुखवस्तू म्हणून!"

"मग बसवू कुठे त्यांना? मशीनवर?"

"हो, मशीनवर! तेवढं एकच तर आपलं आहे या घरात!"

अधिकारी चहाचा कप हातात धरून ऐकत राहिले. मायलेकींनी त्यांच्यासमोर अर्धा तास कडाकडा भांडून घेतलं. त्यात मागच्या महिन्यात आईने चष्मा कसा बदलला नाही तेही निघालं आणि टिटवी कॉलेजला चालत का जाते तेही. अधिकाऱ्यांनी गुपचूप पेन काढलं आणि 'सुखवस्तू'वर काट मारली.

इतक्यात दार धाडकन उघडलं. कडक इस्त्रीचा सूट, सोनेरी चष्मा, हातात फाइल.

"कोणी जागचं हलायचं नाही! पाहणी!"

सोफ्यावरचे अधिकारी ताडकन उभे राहिले. चहा गालिच्यावर सांडला. "साहेब! मुख्य कार्यालयातून का? मी चौकशीच करत होतो, साहेब!"

"तुम्ही कोण?"

"पाहणी अधिकारी, साहेब."

"हॅ! तो तर मी आहे." मग सूटवाल्याने टिटवीकडे वळून हळूच विचारलं, "हे कोण गं? लंब्याने दोघांना पाठवलं की काय?"

टिटवीचा आवाज जन्मात पहिल्यांदा बसला. तिला मिशी आठवली. मग तिने खऱ्या अधिकाऱ्यांचे पाय धरले आणि ती ढसाढसा रडली. अगदी मनापासून रडली. तिच्या डोळ्यांपुढे इस्त्रीचं टेबल नाचत होतं.

अधिकारी तिला नखशिखान्त न्याहाळून म्हणाले, "जरा जास्त होतंय हो. खोटं वाटतं."

एवढं बोलून त्यांनी फाइल मिटली आणि ते निघून गेले. पुढचे पंधरा दिवस घरात कोणाला अन्न गोड लागलं नाही. काकूंचा गालिचा धुऊन धुऊन आईचे हात सोलवटले.

सोळाव्या दिवशी पत्र आलं. शिष्यवृत्ती मंजूर होती, अभ्यासक्रम संपेपर्यंतची. खाली शेरा होता: 'कुटुंब खरोखर गरजू. अर्जदाराला अभिनयाऐवजी दिग्दर्शनाच्या वर्गात घ्यावे, अशी शिफारस. कॉलेजच्या सरांचेही हेच मत पडले. ते म्हणाले, आम्हाला सांगायचा धीर होत नव्हता.'

टिटवी आधी आनंदाने ओरडली, मग संतापाने ओरडली.

"दिग्दर्शन? मला? एका दिवसात काय पाहिलं त्यांनी माझं?"

आईला या असल्या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. फी सुटली होती. ती डोळे पुसत, पत्र नाचवत काकूंना सांगायला धावली.

"थांब!" टिटवी ओरडली. "अशी धावत नाही जायचं. दारात क्षणभर उभी राहा, त्यांना तुझ्याकडे बघू दे. मग पत्र हळूच वर…"

आणि ती वाक्याच्या मध्येच गप्प झाली.