रोज एक पान आणि फुगणारा मासा

मासा निवडणं म्हणजे काय मोठं काम आहे हो? चाळीस वर्षं मी लोकांच्या भिंतींचे रंग निवडले. शेजारी शेजारी कोणते दोन नांदतील आणि कोणते भांडतील, हे मला डबा उघडायच्या आधीच कळायचं! म्हणून सूनबाई दोन दिवस कामासाठी बाहेर निघाली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासा हवाय ना? मी आणतो!"

सूनबाई दारातच थबकली. त्या टाकीत तिचे दोन खेकडे, मूठभर गोगलगायी आणि लाल पट्ट्यांची एक कोळंबी. कोळंबी तर तीन वर्षं जिवापाड सांभाळलेली. पाण्यात बोट घातलं की नखं साफ करून द्यायची!

"बाबा, ही सगळी बिनकण्याची मंडळी. त्यांच्या वाटेला न जाणारा मासा हवा."

"बिनकण्याची? म्हणजे तुमचंच गणगोत की!" आतून आमची ही म्हणाली.

सूनबाईने माझ्या हातात माशांचं पुस्तक ठेवलं. "वाचून मगच निवडा हं."

मला अक्षरं शिकवली तिनेच, त्रेसष्टाव्या वर्षी. नियमही तिचाच: "रोज एकच पान, पण नीट." पाच वर्षांत मी तो मोडलेला नाही.

चित्रं चाळून मी एक गोल तोंडाचा, ठिपकेदार, हसरा मासा काढला आणि त्याचं पान बोट ठेवून वाचलं. 'स्वभावाने शांत. माणसाला ओळखतो. इतर माशांना सहसा त्रास देत नाही.' पान संपलं. असं स्थळ पुन्हा मिळायचं नाही!

दुकानदाराने विचारलं, "आजोबा, टाकीत आणखी कोण कोण आहे?"

"मी वाचून आलोय!"

"तरीपण..."

"अहो, पुस्तक वाचून आलोय म्हणतो ना! बांधा पिशवी!"

मासा टाकीत रमला. मी काचेसमोर खुर्ची टाकून जेवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिची किंकाळी! "अहो, धावा! कोळंबीचं नुसतं सालपट उरलंय!"

खरंच! तळाशी मिशांसकट रिकामं कवच. आणि मासा हसतोय! मी पुस्तक उघडलं. नवा दिवस, नवं पान. 'मात्र कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांच्यासोबत कधीही ठेवू नये. आवडीने खातो.'

"कालच पान का नाही उलटलंत?"

"नियम!"

"चुलीत घाला तो नियम! संध्याकाळी ती पोर येईल, तिला काय हे सालपट दाखवणार?"

माझे पाय एका जागी ठरेनात. जाळी घेऊन मी खुर्चीवर चढलो. मासा उजवीकडे, मी डावीकडे! मी उजवीकडे, मासा दगडामागे! तासाभरात अर्धी टाकी माझ्या सदऱ्यात आली. शेवटी जाळीत सापडला, तर पठ्ठ्या पाण्यातच फुगला! लिंबाएवढा होता, मोसंबीएवढा झाला आणि जाळीत बसला अडकून!

"तुमच्यासारखाच आहे," ही म्हणाली. "चूक पकडली की फुगतो!"

जाळीसकट त्याला बादलीत घेतलं आणि तसाच दुकानात पळालो. पाणी हिंदकळत होतं, काळीजही.

"वाचून आला होतात ना आजोबा?"

"अर्धंच," मी म्हणालो. "हा परत घ्या आणि लाल पट्ट्यांची एक कोळंबी द्या. हुबेहूब हवी!"

नवी कोळंबी सावकाश टाकीत सोडली. सालपट खिशात घातलं. फरशी पुसली, सदरा बदलला आणि दाराकडे बघत येरझाऱ्या घालत राहिलो.

सूनबाई आली ती बॅग न ठेवताच टाकीपाशी. बोट पाण्यात घातलं. नवी कोळंबी जागची हलली नाही. तेवढ्यात दगडाच्या फटीतून दोन पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. मागून जुनी कोळंबी, धडधाकट, अंगावर कोरा करकरीत रंग! थेट बोटावर चढून नखं साफ करायला लागली.

"बाबा, हिने कवच बदललंय! जुनं टाकून देतात आणि नवं घट्ट होईपर्यंत लपून बसतात." मग तिची नजर दुसरीकडे गेली. "पण एकीच्या दोन कशा झाल्या?"

हिने तोंडाला पदर लावला. मी घसा साफ केला.

"ते पुढच्या पानावर असेल, सूनबाई. मी अजून तिथवर पोचलो नाही."