दुसरीच्या हिवाळी खलित्यांची हकीकत

पाटीवरल्या पहिल्या रेघेस आणि ती काढणाऱ्या हातास नमन असो. त्या साली थंडीच्या दिवसांत काय वर्तमान घडले, ऐसे विचारणे जाहले, त्यावरून ऐकिले व पाहिले तैसे लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, सोमवार. ते समयी एक दौलत होती. तिचा विस्तार म्हणाल तर एक खोली, दोन खिडक्या व एक फळा, रयत सत्तावीस, प्रत्येकाची उमर सात वर्षे, आणि त्या दौलतीस लोक इयत्ता दुसरी म्हणत. तेथील कारभार सरोजिनीबाई देवतळे पाहात होत्या. बाई शिस्तीच्या कडक, खडू नखाएवढा उरला तरी टाकीत ना, परंतु कोणाचे नाक वाहिले तर आपल्या पदराने पुसून मग रागे भरीत, ऐसा त्यांचा स्वभाव. मग शाळेचे थोरले कारभारी भोयर गुरुजी यांणी बाईंस बोलावून आज्ञा केली की, "बाई, हिवाळ्यात वर्गात काय शिकवता ते पालकांना दर शनिवारी कळवा. उद्या वरून तपासणी आली तर कळवलं म्हणून दाखवता आलं पाहिजे." बाईंनी "बरं" म्हटले, आणि मनात म्हणाल्या की, दाखविण्यापुरते कशास, नीटच कळवू.

मग बाईंनी खिडकीस तापमापी टांगिली, आणि मुलांकडून रोज आकडा वहीत उतरविला, आणि गवतावरील दव, धुके, लोकर, लहान होणारा दिवस ऐसे एकेक प्रकरण हाती घेतले, आणि शनिवारी त्याचा खलिता लिहून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रवाना केला. सव्वीस घरे गटावर होती. खलिता पोहोचताच सव्वीस घरांनी अंगठे उठविले, तेव्हा बाईंस मोठा संतोष जाहला. तो संतोष पंधरा दिवस टिकला. तिसऱ्या शनिवारी घाईत बाईंनी यजमानांस लिहिलेला मजकूर गटावर पडला, तो ऐसा: "येताना मेथीची जुडी व अर्धा किलो मटार आणणे, किडके नको." त्यासही सव्वीस अंगठे आले, आणि एका घरून "खूप छान उपक्रम, मॅडम" ऐसे उत्तर आले. मग बाई काय समजावयाचे ते समजल्या. बहुत वाईट वाटले, परंतु लिहिणे सोडिले नाही.

सत्ताविसावे घर गटावर नव्हते. ते बेबीताईंचे. बेबीताई गावाबाहेर संत्री निवडण्याच्या कामावर जात, सकाळी अंधारात निघत, आणि फोन म्हणावा तर बटणांचा. अक्षरओळख नव्हती. त्यांची कन्या पायल दुसरीत होती. म्हणोन बाई तो खलिता कागदावर मोठ्या अक्षरांत स्वहस्ते लिहीत, आणि पायलच्या दप्तरात घालून म्हणत, "आईला वाचून दाखव आणि खाली अंगठा घेऊन ये." सोमवारी अंगठा येत असे. परंतु बाईंस ठाऊक होते की, हा जासूद आपला खलिता वाचीत नाही, कारण पायलला वाचताच येत नव्हते. पुस्तक पुढे ठेविले की ती ओठ मिटून खाली पाहात बसे. बाईंनी शब्दांच्या पट्ट्या करून पाहिल्या, एकटीस जवळ घेऊन पाहिले, रागावून पाहिले, मग रागावल्याचे वाईट वाटून खाऊ दिला. पायलने खाऊ खाल्ला आणि ओठ पुन्हा मिटले.

इतक्यात भोयर गुरुजींचा दुसरा हुकूम आला की, वसंतपंचमीच्या आत ज्यांस वाचता येत नाही त्यांची यादी द्यावी, त्यांस पहिलीच्या वर्गात नेऊन बसवू. बाईंच्या यादीत एकच नाव होते. ते नाव दिले तर पोर लहानांत बसून कायमची मिटेल, आणि न दिले तर आपण खोट्या ठरू, ऐसा बाईंस पेच पडिला, आणि दोन दिवस जेवण गोड लागले नाही. अखेर नाव लिहून यादी पर्समध्ये ठेविली, आणि माघ शुद्ध तृतीयेस, शनिवारी, पालकसभा होती, तेथे पायलच्या आईस समोर बसवून सांगावे ऐसे ठरविले.

सभेस नऊ जण आले. बेबीताई अर्ध्या दिवसाचे काम सोडून आल्या आणि सर्वांचे होईतो दाराशी थांबल्या. बाईंनी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, "बाई, रागावल्या का जी तुमी आमच्यावर?"

बाई म्हणाल्या, "मी कशाला रागावू?"

"नाई, पयले तुमचं पत्र लय मायेचं राहे. पोरीले भाकरीसंग गूळ द्या, दोन डाव द्या. येनी घालतानी केस वढू नका, हिवाळ्यात केस दुखतेत. आयतवारी मायनं कामावर जाऊ नये, पोरीपाशी बसावं. तुमी लिवलं तसं सारं केलं म्या. आयतवार बी सोडला."

हे ऐकोन बाई थक्क जाहल्या. ऐसे एक अक्षरही त्यांनी लिहिले नव्हते. मग बेबीताई पुढे म्हणाल्या, "मले पत्र दोनदा आयकाची सवय. तर पोरगी एक बार वाचे गूळ दोन डाव, दुसऱ्या बार तीन डाव. मी म्हटलं, बाईचं पत्र हाय, गंमत नको करू, अक्षरावर बोट ठिवून वाच. तवापासून बोट ठिवते अन् थांबून थांबून वाचते. पन संकरातीपासून पत्र कोरडंच झालं पाहा. गुळाचं नाव नाई. काई चुकलं का आमचं?"

बाईंनी हळूच विचारिले, "मागच्या शनिवारी काय वाचलं तिनं?"

बेबीताईंनी आठवून सांगितले, "सकाळी गवतावर दव पडते. ऊन आले की ते उडून जाते. तापमापी फुटली तर आतला पारा हाताने उचलू नये."

शब्दास शब्द तोच होता, आणि पाऱ्याचा मजकूर बाईंनी वर्गात अद्याप उच्चारिलाही नव्हता, तो फक्त त्या खलित्यात होता. मग बाईंनी पर्स उघडली, यादी काढली, चार तुकडे केले, आणि बेबीताईंस म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही. माझंच लिहायचं राहून गेलं." आणि तेथेच कागद घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिले: "पायलला भाकरीबरोबर गूळ द्यावा. दोन वेळा द्यावा. वेणी घालताना केस ओढू नयेत. रविवारी आईने घरी राहावे." घडी घालून म्हणाल्या, "हे पायलकडूनच वाचून घ्या."

सोमवारी खलिता परत आला. खाली अंगठा होता, आणि अंगठ्याखाली पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एक ओळ अधिक लिहिली होती: "बाई गुळ तिन वेळा." बाईंनी गुरुजींस कोरी यादी दिली. गुरुजींनी विचारिले, "एकही नाही?" बाई म्हणाल्या, "एकही नाही."

येणेप्रमाणे त्या सालची हिवाळी मोहीम पार पडली. नऊ खलिते सुटले, सव्वीस घरी पोहोचले, एका घरी वाचिले गेले. पायल वर्गात ओठ मिटूनच बसे, ते उघडावयास उन्हाळा लागला. बाईंनी गुळाचा आकडा दुरुस्त करून पाठविला. जैसे जाहले तैसे लिहिले, न्यूनाधिक असेल ते वाचणाराने सावरून घ्यावे.