हौदाचं बूच

शनिवारी सकाळी एल्डर टोलमनने प्रार्थनागृहामागच्या हौदाचा नळ सोडला, दाराला कुलूप लावलं आणि जोडीदाराला घेऊन बूट पॉलिश करायला घरी गेला. हौद भरायला निदान तीन तास लागत. दुपारी चारला दोन्या फेर्मिनाचा बाप्तिस्मा होता आणि तो देणार होता टोलमन स्वतः.

टोलमन एकोणीस वर्षांचा. अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरून उचलून त्याला मिशनरी म्हणून बोलिव्हियात आणून टाकलेलं. सगळे त्याला 'एल्डर', म्हणजे वडीलधारे, म्हणत. वडीलधाऱ्यांना अजून धड दाढी फुटलेली नव्हती. कोचाबांबा शहराच्या दक्षिणेकडच्या या वस्तीत येऊन त्याला आठ महिने झाले होते. दारं ठोठावून बोटांची सालं निघाली, पण एकही माणूस पाण्यात उतरला नव्हता. तिकडे आई दर आठवड्याला फोनवर विचारायची, "कुणी तयार झालं का रे?" आणि तो सांगायचा, "हवा छान आहे."

तयार झाली ती एकटी दोन्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बाई, फेर्मिना. बाजारात बटाटे विकणारी सत्तरीची बाई. दर गुरुवारी आपणहून येऊन प्रार्थनागृह झाडून काढायची. पण हौदाच्या काठावरून ती दोनदा परत फिरली होती. एकदा पाण्याला घाबरून, एकदा मुलाने तमाशा केला म्हणून. आता तिने बजावलं होतं, "एल्डरबाळ, तिसऱ्यांदा येते. चौथ्यांदा नाही. देवाला वाटेल, ही बाई धर्म घेतेय की भाजी निवडतेय!"

बाप्तिस्म्याचे नियमही साधे नव्हते. शब्द एकही इकडचा तिकडे झाला की पुन्हा. बुडवताना अंगाचा एवढासा भाग पाण्यावर राहिला की पुन्हा. दोन साक्षीदार डोळ्यांत तेल घालून काठावर उभे. टोलमनने आठवडाभर खोलीतल्या गादीवर जोडीदाराला, पेरूच्या एल्डर वारांकाला, उताणं पाडून सराव केला होता. वारांकाची मान दुखायला लागली होती, पण तो शांत माणूस होता.

बूट चकाचक करून दोघे परतले, तर गल्लीत ही गर्दी! प्रार्थनागृहातल्या हौदाचं पाणी जायचा पाइप गल्लीत उघडत असे आणि त्याच्यासमोर बादल्या, घागरी, पिंपं घेऊन बायकांची रांग लागली होती.

"आला, आला, दानशूर आला!" शेजारची तोमासा ओरडली. "आमच्या पुढाऱ्यांनी दहा निवडणुकांत केलं नाही ते या गोऱ्याने एका सकाळी केलं! नितळ पाणी, तेही फुकट!"

टोलमनने आत धाव घेतली. हौद कोरडा ठाक. तळाशी भोक आ वासून बसलेलं.

"बूच तू लावलं नाहीस?" टोलमनने विचारलं.

"नळ कुणी सोडला?" वारांका म्हणाला.

"मला वाटलं ते लावलेलंच आहे."

"मलाही तसंच वाटलं. बघ, आपलं पहिल्यांदाच एकमत झालं."

गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. नगरपालिकेचं पाणी आता मंगळवारी. टोलमन हौदाच्या पायरीवर मटकन बसला. त्याला दिसत होतं ते एवढंच, की दोन्या फेर्मिना पांढरे कपडे घेऊन येणार, कोरडा हौद बघणार, "देवाचीच इच्छा दिसत नाही," म्हणणार आणि कायमची घरी जाणार. सगळं आपल्या गाढवपणामुळे. आईला फोनवर हवा तरी किती दिवस सांगायची?

"टँकर," वारांका म्हणाला.

टँकर वस्तीत पुष्कळ होते, पण त्या दिवशी टँकरवाल्यांच्या संघटनेचा फुटबॉलचा सामना होता. सगळे शेजारच्या गावी गेलेले. संघात घेतलं नाही म्हणून रुसून घरी बसलेला एकच जण होता, आणि तो म्हणजे सेवेरो, दोन्या फेर्मिनाचा मुलगा. "त्या टायवाल्या पोरट्यांनी माझ्या आईला हात लावला, तर टाकीत घालून वरून झाकण लावीन," असं त्याने भर बाजारात जाहीर केलं होतं. ती टाकी आता त्याच्या अंगणात उभी होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत 'फेर्मिनाचा लेक' असं रंगवलेलं. टोलमनने आधी तिचं झाकण बघून घेतलं.

"एक टँकर पाणी पाहिजे," वारांका म्हणाला.

"कुठं टाकायचं?" सेवेरोने मान वर न करता विचारलं.

"प्रार्थनागृहात. हौदात."

यात खोटं काही नव्हतं आणि वारांका तेवढ्यावर थांबला. सेवेरो उठला, नळी गुंडाळायला लागला. जाता जाता त्याने सहज विचारलं, "पण एवढं पाणी कशाला रे?"

वारांकाने टोलमनच्या पायावर पाय दिला. पण टोलमनला खरं बोलायची खोड होती.

"तुमच्या आईला बुडवायला," तो म्हणाला.

नळी सेवेरोच्या हातातून गळून पडली.

"म्हणजे, लगेच वर काढणार," टोलमन घाईघाईने म्हणाला.

"ऐक," सेवेरो पुढे येत म्हणाला. "माझा बाप मातीत आहे. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी आणि आई त्याच्या थडग्यापाशी बसतो. पाव ठेवतो, चिचाचा, आपल्या मक्याच्या दारूचा, एक पेला त्याच्या नावाने ओततो, एक आम्ही पितो. आता म्हातारी म्हणते, मी दारूला शिवणार नाही. मग मी तिथं एकटाच पीत बसू? का तुला शेजारी बसवू?"

"त्यांना थडग्यापाशी बसायला कुणी मना केलेलं नाही. फक्त चिचा..."

"निघा! बटाटा मूळचा आमचा, आणि हे आयडाहोतून तो आम्हाला शिकवायला आलेत!"

दोघे निघाले. आता एकच मार्ग उरला होता, आणि तो सांगायलाही लाज वाटेल असा होता. सकाळी वाटलेलं पाणी परत मागायचं.

"काय?" तोमासाने कमरेवर हात ठेवले. "दिलेलं दान परत? तुमच्या पोथीत असं लिहिलंय?"

"ते दान नव्हतं. चूक होती."

"ते कळलं की आम्हाला. इथं शुद्धीवरचा माणूस पाणी सोडतो होय? पण आता अर्ध्या पाण्याचं सूप झालं आणि अर्ध्यात माझी पोरं न्हाली."

"दोन्या फेर्मिनासाठी हवं होतं," टोलमन अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला.

"फेर्मिनासाठी? अरे मग आधी तोंड उघडायचं!" आणि तोमासाने गल्लीभर हाक दिली. बायका कुरकुरत का होईना, पाणी काढून द्यायला लागल्या. कुणी अर्धी घागर, कुणी तळाशी उरलेलं. एकीने पातेलं पुढे करून सांगितलं, "स्वच्छ आहे. यात फक्त कोथिंबीर धुतलीय." मिशनऱ्यांनी क्षणभरही एकमेकांना सोडून जायचं नाही असा नियम. त्यामुळे एका माणसाची बादली दोघे वाहून नेत आणि निम्मं पाणी वाटेत बुटांवर सांडत. सकाळचं पॉलिश गेलं ते गेलंच.

पण बूच? बूच कुठेच सापडेना. टोलमनने आपला मोजा कोंबून पाहिला, तो पाण्याबरोबर वाहून गेला. शेवटी तोमासाने एक मोठा बटाटा आणून दिला. टोलमनने खिशातला चाकू काढला आणि बटाटा तासून भोकात असा बसवला, की थेंब गळेना. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपल्याला काहीतरी येतं.

प्रार्थनागृहात येणाऱ्या मंडळींचे प्रमुख अँसेल्मोभाऊ आले. ते एरवी शिंपी. गळ्यातली टेप हौदात सोडून ते म्हणाले, "गुडघ्यालासुद्धा कमी आहे, एल्डर."

तेवढ्यात दोन्या फेर्मिना आली. तिने हौदातल्या कोथिंबिरीच्या काड्यांकडे पाहिलं. तळाच्या बटाट्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग टोलमनच्या ओल्या बुटांकडे आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. आता ती परत फिरणार, असं वाटून टोलमनने डोळे मिटले. पण ती मुकाट्याने कपडे बदलायला गेली.

पाणी उथळ म्हणून म्हातारीला भीती वाटली नाही, पण बुडायला जागाही नव्हती. टोलमनने उजवा हात वर करून शब्द म्हटले आणि तिला आडवी केली.

"गुडघा!" अँसेल्मोभाऊ काठावरून म्हणाले.

पुन्हा.

"वेणी! दोन्ही वेण्या वर तरंगताहेत!"

पुन्हा. या वेळी घाबरून एक शब्दच सुटला.

"एल्डरबाळ," तोंडातलं पाणी थुंकत दोन्या फेर्मिना म्हणाली, "मला देवाकडे न्यायचंय का कणकेसारखं तिंबायचंय?"

आणि बाहेर हॉर्न वाजला. पाठोपाठ खांद्यावर नळी टाकून सेवेरो आत घुसला. अँसेल्मोभाऊंनी टेप छातीशी धरली. टोलमन हौदातल्या हौदात मागे सरकला.

"वस्तीभर बोंब झालीय!" सेवेरो गरजला. "त्या तोमासाने दारात येऊन सांगितलं. फेर्मिनाच्या लेकाकडे टँकरभर पाणी आणि फेर्मिना कोथिंबिरीच्या धुवणात! उद्यापासून माझ्याकडून पाणी घेईल कोण? हो बाजूला!"

नळी हौदात पडली आणि पाणी चढायला लागलं. आई आणि मुलगा एकमेकांकडे बघत नव्हते. नळी सावरत सेवेरो टोलमनला म्हणाला, "नोव्हेंबरात थडग्यावर यायचं. मी चिचा पिणार, आई सरबत पिणार, तू मध्ये बसायचं."

"मला एकट्याला येता येत नाही," टोलमन म्हणाला. "वारांकालाही आणावं लागेल."

"आण बाबा. सगळा गाव आण."

पाणी कमरेवर आलं तशी दोन्या फेर्मिनाला भीती वाटायला लागली. तिने टोलमनचं मनगट असं आवळलं, की त्याची बोटं बधिर झाली. त्याचे शब्द मात्र एकेक करून बरोबर आले. ती संबंध पाण्याखाली गेली.

"अंगठा!" सेवेरो ओरडला, आणि लगेच, "नाही, नाही, गेला! गेला आत!"

ती वर आली तेव्हा टॉवेल घेऊन तोच पुढे धावला. त्याचे डोळे लाल झाले होते. "पाण्यात औषध जास्त पडलंय," तो म्हणाला. टोलमनला इतकं हलकं वाटलं, की तो पाण्यातच खाली बसला आणि अँसेल्मोभाऊंना त्याला वर काढावं लागलं.

सगळं आटोपल्यावर बाहेर पाइपाशी बादल्यांचा आवाज सुरू झाला. "गोऱ्या, सोड की पाणी!" तोमासा ओरडत होती. पण बटाटा फुगून घट्ट बसला होता. टोलमन हौदात वाकून त्याच्याशी झटापट करत असताना दोन्या फेर्मिना काठावर येऊन बसली.

"एल्डरबाळ, या पाण्यात सगळं धुऊन जातं ना? आजवरचं सगळं?"

"सगळं."

"आज बुडी मारेपर्यंतचं?"

"हो, तोपर्यंतचं सगळं."

तिने पाठीवरचं गाठोडं सोडलं, आत हात घातला आणि काळं रबरी बूच काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"गुरुवारी झाडायला आले होते, तेव्हा नेलं," ती म्हणाली. "म्हटलं, पाणीच नसलं म्हणजे मला 'नाही' म्हणावं लागणार नाही. फार भीती वाटत होती रे. पण तू लावलेला बटाटा पाहिला आणि मलाच लाज वाटली."

टोलमनने बूच उलटंसुलटं करून पाहिलं. सकाळपासून त्याने स्वतःला घातलेल्या शिव्या, सांडलेल्या बादल्या, टाकीचं झाकण, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"रागावलास?" तिने विचारलं.

"हो," टोलमन म्हणाला. त्याला खरं बोलायची खोड होती.

"रागाव. पण माझं ते धुतलं गेलंय," ओली वेणी पिळत दोन्या फेर्मिना म्हणाली. "तुझा राग मात्र आत्ताचा, नवा आहे. त्याचं तू बघ."