कसाव्याची मोहीम आणि पांढऱ्या बलकाचा प्रसंग

पूर्वेस दाणा, पश्चिमेस खत, मधें खुराडें, ऐसी जयांची दौलत, त्या अखंडितअंडीअलंकृत आत्यासाहेब यांचे पोल्ट्रीवर जो बाका प्रसंग गुजरला, त्याची हकीकत पदरचें मीठ न लावितां लिहितों.

ते समयीं मका, जो कोंबड्यांनीं खावा, तो स्वतःच भाव खाऊं लागला आणि रसद तुटली. मग भाचेसाहेब, जे पशुखाद्याची विद्या संपादून घरींच मुक्काम करून होते, यांणीं मसलत दिली कीं कसाव्याचे, ज्यांचा साबुदाणा होतो ते, कंद सोलून, किसून, भिजवून, कडक उन्हांत वाळवून त्यांचा विषार मारावा, आणि सोयापेंड मिसळून मक्याचे जागीं चारावे. आत्यासाहेबांनीं रुकार दिला. पहिलेच दिवशीं पिठाचा ऐसा धुरळा उठला कीं कोंबड्यांची तमाम फौज शिंकों लागली आणि भाचेसाहेब घरच्यांस ओळखूं येईनात. मग पीठ ओलें करून घातलें आणि फौज तुटून पडली. सर्वांस वाटलें, फत्ते जाहली.

इतक्यांत बेकरीवाल्या मावशी, ज्या झाडून सारीं अंडीं नेत, चालून आल्या आणि बशींत अंडें फोडिलें. बलक पांढराफटक.

"अंड्यांना पंडुरोग झालाय का गं? माझे केक आजारी दिसायला लागलेत."

आणि फर्माविलें कीं महिनाभरांत बलक पिवळा न जाहल्यास सौदा बंद. त्यावरी आत्यासाहेबांचा हुकूम सुटला कीं तैसें घडल्यास कोंबड्या खाटकाकडे आणि भाचेसाहेब नोकरीच्या शोधास, एकाच टेंपोंतून रवाना होतील.

दुसरे दुपारीं फौजेची सरदारीण लंगडीबाई, तिणें कडी ढिली पाहून सैन्यासह मुसंडी मारिली, आणि कसाव्याचा वाळका पाला, जो कचरा म्हणोन अंगणांत रचिला होता, तो मनसोक्त लुटिला. भाचेसाहेब खराटा उगारून धांवले आणि वाटेंतच थबकले. कारण बलकाचा रंग मक्यांतून येत असे, कंदांत तो नाहीं, पाल्यांत आहे, हें परीक्षेंत न आठवलेलें उत्तर तेव्हां आठवलें. मग पाल्याचा चुरा रोज बेतानें खुराकांत पडूं लागला.

महिना सरतां मावशी पुन्हां आल्या. आत्यासाहेबांनीं पदर खोंचिला, तों मावशीच म्हणाल्या,

"आता जरा हात आखड गं. गिऱ्हाईक विचारतंय, केकमधे रंग घालता का?"

येणेंप्रमाणें मोहीम सर जाहली. लंगडीबाईस तहहयात कढईमाफीची सनद आणि भाचेसाहेबांस वंशपरंपरा खत उपसण्याची सनद लेखी बहाल जाहली; पैकीं लंगडीबाईंनीं आपली तेथेंच टोंचून खाल्ली, भाचेसाहेबांची अद्याप शाबूत आहे.