निळ्या कागदाचा आस्वाद

कलेचा आस्वाद घ्यायला कलाकृती दिसावी लागते, असा एक गैरसमज आहे. आम्हा रत्नागिरीतल्या कलेच्या जाणकारांना (संख्या: एक) ही अट कधी जाचली नाही.

आमच्या चौकात शिल्प बसले ते ऐन जूनमध्ये. जून आला की रत्नागिरीकर पडवी झाकतो, लाकडे झाकतो, स्कूटर झाकतो. त्याच ओघात शिल्पही झाकले: निळा प्लास्टिकचा कागद, वरून सुंभ. अनावरण दिवाळीनंतर ठरले. तोवर शहर त्या निळ्या गाठोड्याकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. नगर सौंदर्य समितीत कलेचा सदस्य मीच (पात्रता: एकदा मुंबईला असताना पाऊस आला म्हणून चित्रप्रदर्शनात शिरलो होतो). मी गप्प बसलो असतो तर पद विनीत सुर्व्यांकडे गेले असते, आणि ते तर नुसती गणपतीची मखरे करतात.

म्हणून मी साप्ताहिकात लेख लिहिला: ‘आकार नाकारणारा आकार’. वाऱ्याने फडफडणाऱ्या कोपऱ्याला मी ‘समुद्राशी संवाद’ म्हटले. लोक थांबून माना डोलवू लागले, सेल्फी काढू लागले. शहरातील रसिकता तिप्पट झाली (पूर्वी शून्य होती).

अनावरणाला सुंभ सुटले. आत डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली निघाली.

“अहो, मान बघितलीत तिची?” माझी बायको नम्रता कुजबुजली. “पाटी खरीच भरलेली वाटते हो.”

मला गलबलून आले. इतके सुंदर काही मी आमच्या शहरात पाहिले नव्हते. पण खिशातले भाषण कागदावरचे, म्हणजे निळ्या कागदावरचे होते. तेच वाचले.

“ह्यात आकार नाकारलान कुठे?” सुर्व्यांनी विचारले.

मी ताबडतोब खाऱ्या हवेचा धोका मांडला आणि शिल्प पुन्हा झाकण्याची सूचना केली. गाठोड्यासोबत समितीतल्या सगळ्यांचेच फोटो होते, सुर्व्यांचा तर सहकुटुंब. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता कागद बारमाही असतो. रोज सकाळी तिथून जाताना मला तिची मान आठवते आणि माझी खाली जाते.

कागद काढायला समितीची हरकत नाही. मागणी करणाऱ्याने त्या गाठोड्यापुढे कधी मान डोलावलेली नसावी, एवढीच अट आहे. अजून कोणी पुढे आलेले नाही. तुम्ही येणार असाल तर आधी आपला मोबाईल तपासा. तुमचा फोटो मी पाहिला आहे. छान आला आहे.